गाठीवरची खूण आणि पडद्यावरची ओळ : संक्षिप्त वर्दीच्या प्रथेचा इतिहास

उत्पादनाच्या कोणत्याही लांबलचक क्रियेत प्रत्येक पायरीची पूर्ण नोंद ठेवणे हे एक काम असते आणि ती पायरी पार पडत असल्याची वर्दी पाहणाऱ्याला देणे हे दुसरे. व्यवसाय लहान असतो तोवर ही दोन्ही कामे एकाच कृतीने भागतात. व्यवसाय वाढला आणि नोंदीचा पसारा वाचणाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला की त्यांची फारकत करावी लागते, आणि त्या फारकतीचे नियम कोणी ठरवायचे हा प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या क्षेत्रात हा प्रश्न ‘बिल्ड’ व्यवस्थांच्या, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडपासून यंत्रावर चालणारा प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनांच्या, आउटपुटसंबंधी उपस्थित झाला आणि गेल्या पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने सुटत आला. या साधनांनी चालविलेली प्रत्येक आज्ञा पडद्यावर जशीच्या तशी उमटवावी की तिच्याऐवजी एक आखूड ओळ दाखवावी, आणि त्या आखूड ओळीचे शब्द ठरविण्याचा अधिकार कोणाला असावा, हा त्या इतिहासाचा गाभा आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या बाजूने या इतिहासाकडे पाहण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, या जिल्ह्याच्या मुख्य व्यवसायात, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, हाच प्रश्न संगणकाच्या आधी अर्धे शतक पुढे आला आणि त्याचे उत्तर १९२५ साली कायद्याने दिले गेले. दुसरे असे की, जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षण आल्यानंतर प्रोग्राम लिहू लागलेल्या पिढ्यांचा बिल्डशी पहिला परिचय एका अतिशय मितभाषी साधनातून झाला, आणि मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलेल्यांना त्या मितभाषीपणाहून अगदी वेगळी परंपरा भेटली. ही दोन्ही क्षेत्रे शेजारी ठेवून पाहिली असता एक सूत्र हाती लागते: आखूड वर्दीवर विश्वास ठेवता येतो तो तिच्यामागची पूर्ण नोंद मागताक्षणी मिळत असेल तरच.

वऱ्हाडचा कापूस आणि प्रेसची खूण

१८५३ च्या तहाने निझामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला, आणि पुढील दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) तिकडचा पुरवठा तुटल्यावर लँकशायरच्या गिरण्यांची नजर येथील काळ्या जमिनीकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाड-खानदेशचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ओमरा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा या नावाने नोंदला जाई. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन बाशीम जिल्हा मोडला गेला, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, जी पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या तोंडी बसली, किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली चालू झाली आणि जिल्ह्यातील कापसाला मुंबई–नागपूर या मुख्य मार्गापर्यंत, व तेथून मुंबई बंदरापर्यंत, थेट वाट मिळाली.

रेल्वेमुळे कापूस दूर जाऊ लागला, आणि दूर जाणारा माल दाबून बांधावा लागतो. कापसातील सरकी वेगळी काढून रुई मोकळी करणारे यंत्र म्हणजे ‘जिन’, आणि ती रुई दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिची गाठ बांधणारे यंत्र म्हणजे ‘प्रेस’. शेतकऱ्याने आणलेल्या कापसाच्या वजनापैकी साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. ती रुई गाठीत गेल्यावर तिच्यात कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, किती ओलाव्याचा माल आहे हे बाहेरून कळण्यास मार्ग राहत नाही. आखूड धाग्याचा कापूस लांब धाग्याच्या कापसात मिसळणे, वजन वाढविण्यासाठी रुईवर पाणी मारणे, सरकी व कचरा आत राहू देणे हे गैरप्रकार याच आडपडद्यामुळे फोफावले. मुंबई इलाख्याने त्यांच्याविरुद्ध १८६३ मध्येच कायदा केला होता, परंतु वऱ्हाड त्या इलाख्याच्या हद्दीबाहेर होते.

अखिल भारतीय पातळीवर हा विषय १९१७ मध्ये नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीने हाती घेतला. तिच्या शिफारशींमधून १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी ही कायम स्वरूपाची संस्था उभी राहिली, १९२३ मध्ये कापसाच्या वाहतुकीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज अ‍ॅक्ट, म्हणजे जिन व प्रेस कारखान्यांचा कायदा, मंजूर झाला. या शेवटच्या कायद्याची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. एकीकडे त्याने प्रत्येक प्रेसमालकावर असे बंधन घातले की, गाठ प्रेसच्या इमारतीतून बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावर त्या कारखान्याची ठरवून दिलेली खूण आणि गाठीचा अनुक्रमांक उमटलेला असला पाहिजे. दुसरीकडे त्याने असेही बंधन घातले की, कोणत्या दिवशी कोणासाठी किती गाठी दाबल्या आणि त्यांचे अनुक्रमांक कोणते, याचे रजिस्टर कारखान्यात ठेवले पाहिजे व अधिकाऱ्याने मागितले असता ते हजर केले पाहिजे. जिनसाठी वेगळे रजिस्टर होते, आणि कच्चा कापूस व रुई एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जिनघराला आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट स्वतंत्र असावी, इतक्या बारकाव्यापर्यंत कायदा उतरला होता.

येथे वर्दी आणि नोंद यांची फारकत नियमबद्ध झाली. गाठीवरची खूण एका नजरेत वाचता येईल इतकी आखूड होती. तिने गाठीच्या गुणवत्तेची हमी दिली नाही, सविस्तर वर्णनही केले नाही. तिने एवढेच केले की, मुंबईच्या गोदामात किंवा परदेशच्या गिरणीत एखादी गाठ खराब निघाली, तर अनुक्रमांकाच्या आधारे मूळ रजिस्टरापर्यंत जाण्याची वाट खुली ठेवली. शिवाय खुणेचे स्वरूप प्रेसमालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, कारण ज्याच्या कामाची तपासणी व्हायची त्यालाच वर्दीचे सर्व नियम ठरवू दिले, तर ती वर्दी तपासणीच्या उपयोगाची राहत नाही. आज या व्यवसायात गाठीचे प्रमाण वजन १७० किलो मानले जाते आणि केंद्र सरकारने २०२० मध्ये भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे व्यापारी नाव दिल्यानंतर खुणेच्या जागी क्यूआर कोड येत आहे. तरी आखूड खूण बाहेर आणि पूर्ण नोंद मागे, ही मांडणी तीच राहिली आहे.

‘मेक’ आणि प्रत्येक आज्ञेचा उच्चार

सॉफ्टवेअरच्या बाजूला या इतिहासाचा आरंभ १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या ‘मेक’ या प्रोग्रामपासून धरावा लागतो. अनेक फायलींचा बनलेला प्रोग्राम तयार करताना कोणती फाइल कोणत्या फायलींवर अवलंबून आहे आणि त्यांपैकी कोणती बदलली आहे हे पाहून केवळ आवश्यक तेवढ्याच आज्ञा चालविणे, हे मेकचे काम होते. या अवलंबनाची व आज्ञांची यादी ज्या फायलीत लिहिली जाते तिला मेकफाइल म्हणतात. या साधनाची गरज एका जुन्याच चुकीतून निर्माण झाली होती: दुरुस्त केलेल्या सोर्स कोडपासून नवी फाइल तयार करायची राहून जाई, आणि प्रोग्रामर आधीच नाहीशा झालेल्या दोषाचा तासन्‌तास शोध घेत बसे. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकची मूळ रीत अशी की, प्रत्येक आज्ञा चालविण्यापूर्वी ती पडद्यावर अक्षरशः उमटवायची. त्या काळच्या प्रोग्रामांच्या आकारमानाला ही रीत पुरेशी होती, कारण आज्ञा दहा-वीस असत आणि प्रत्येक आज्ञा एका ओळीत मावे. वर्दी आणि नोंद एकच होती. तरीही गप्प राहण्याची सोय आरंभीच्याच काळात उपलब्ध झाली: मेकफाइलमधील आज्ञेच्या आधी ‘अ‍ॅट’ हे चिन्ह लिहिले की तेवढी आज्ञा उमटत नसे, ‘सायलेंट’ या नावाचे विशेष लक्ष्य (टार्गेट) घोषित केले की सर्व आज्ञा गप्प होत, आणि मेक चालविणाऱ्याने ‘एस’ हा पर्याय दिला की त्या वेळेपुरते सर्व शांत होई. यांपैकी पहिल्या दोन सोयी मेकफाइल लिहिणाऱ्याच्या हातात होत्या आणि तिसरी ती चालविणाऱ्याच्या; म्हणजे अधिकाराची विभागणी बीजरूपाने तेथेच होती. त्याचबरोबर ‘एन’ हा पर्याय दिला असता मेक काहीही न चालविता केवळ आज्ञांची यादी छापी, आणि त्या यादीत ‘अ‍ॅट’ चिन्हाने दडविलेल्या आज्ञाही दिसत. लेखकाने दडविलेले वापरणाऱ्याला पाहता आले पाहिजे, हे तत्त्व या एका तपशिलात सामावलेले होते.

पुढील वीस वर्षांत आज्ञांचे स्वरूप बदलले. एकच सोर्स कोड वेगवेगळ्या कंपन्यांच्या युनिक्स यंत्रांवर चालावा म्हणून डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ‘ऑटोकॉन्फ’ आणि १९९४ मध्ये ‘ऑटोमेक’ या साधनांची सुरुवात केली; ऑटोमेकला पुढचे रूप टॉम ट्रोमी यांनी दिले. ऑटोकॉन्फ यंत्राची पाहणी करते आणि ऑटोमेक थोडक्या वर्णनावरून संपूर्ण मेकफाइल तयार करून देते. अशा यंत्रनिर्मित मेकफाइलमधील कंपायलरची, म्हणजे सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची, एकेक आज्ञा शेकडो अक्षरांची होऊ लागली, कारण तीत शीर्षफायलींचे मार्ग, पूर्वनिर्धारित चिन्हे, इशाऱ्यांचे पर्याय आणि अवलंबनाची नोंद ठेवण्याच्या सूचना भरलेल्या असत. त्यात ‘लिबटूल’ या सामायिक ग्रंथालये (लायब्ररी) बांधणाऱ्या साधनाची भर पडली, तेव्हा एका फायलीसाठी आधी मेकने उमटविलेली लिबटूलची आज्ञा आणि नंतर लिबटूलने चालविलेल्या कंपायलरच्या दोन आज्ञा, अशा तीन लांबच लांब ओळी पडद्यावरून सरकत. या गर्दीत कंपायलरने दिलेला खरा इशारा, ज्यासाठी पडद्याकडे पाहायचे, तोच नजरेतून निसटू लागला.

विदर्भातील वर्ग आणि टर्बो सी

याच सुमारास विदर्भात अभियांत्रिकी शिक्षणाचा विस्तार होत होता. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळ जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. यवतमाळ येथे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. या भागातील विद्यार्थ्यांना सी ही भाषा शिकविणारे सर्वपरिचित पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे होते, आणि वर्गातील संगणकावर दीर्घकाळ बोरलँड कंपनीचे १९८७ साली बाजारात आलेले ‘टर्बो सी’ हे साधन वापरले जाई, ज्यात लिहिणे, कंपाइल करणे आणि चालविणे ही तिन्ही कामे एकाच निळ्या पडद्यावर होत.

टर्बो सीमध्ये बिल्डची वर्दी एका छोट्या चौकटीत मिळे: किती ओळी कंपाइल झाल्या, किती इशारे, किती चुका, आणि सर्व सुरळीत असल्यास यशाचा एक शब्द. कोणती आज्ञा चालली, कोणते पर्याय लागू झाले, कोणती ग्रंथालये जोडली गेली यांपैकी काहीही त्या चौकटीत नसे. एका फायलीच्या प्रोग्रामासाठी ही मितभाषिता सोयीची होती आणि नवशिक्याचे लक्ष चुकांवर केंद्रित करणारीही होती. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, कंपाइल करणे आणि जोडणे (लिंक) या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हेच अनेकांना उशिरा उमगले. वर्दी आखूड होती, पण तिच्यामागची नोंद उलगडून पाहण्याची रीत वर्गात शिकविली जात नव्हती.

जे विद्यार्थी पुढे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीकडे वळले त्यांच्यापुढे चित्र उलटे होते. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसी या मुक्त कंपायलरच्या अंतर्रचनेचा अभ्यास देशभरातील शिक्षक-विद्यार्थ्यांपर्यंत नेला, आणि आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स व सी यांवरील पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले. जीसीसीसारखा प्रचंड प्रकल्प स्वतः बिल्ड करणाऱ्याला हजारो लांब ओळींचा प्रवाह पाहावा लागतो. त्यात सर्व काही असते, पण सर्व काही असल्यामुळेच हवे ते सापडत नाही. टर्बो सीची बंद चौकट आणि जीसीसीचा अखंड प्रवाह या दोन टोकांच्या मधला मार्ग लिनक्सच्या केर्नेलने, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याने, शोधला होता.

केर्नेल : आखूड ओळ आणि लपलेले रजिस्टर

लिनक्स केर्नेलची बिल्ड व्यवस्था ‘केबिल्ड’ या नावाने ओळखली जाते. २.५ या विकासमालिकेत, २००२ च्या सुमारास, काय गेर्माशेव्स्की यांनी तिची नव्याने मांडणी केली आणि त्यानंतर सॅम राव्हनबोर्ग यांनी तिची दीर्घकाळ देखभाल केली. या मांडणीत प्रत्येक आज्ञेच्या दोन व्याख्या शेजारीशेजारी लिहिल्या जातात: एक प्रत्यक्ष चालवायची पूर्ण आज्ञा, आणि दुसरी तिच्याऐवजी दाखवायची आखूड ओळ, जिच्यात ‘सीसी’, ‘एलडी’, ‘एआर’ यांसारखे दोन-तीन अक्षरांचे लेबल आणि तयार होणाऱ्या फायलीचे नाव एवढेच असते. दोन्ही व्याख्यांच्या नावांत केवळ ‘क्वाएट’ या उपसर्गाचा फरक असतो, आणि बिल्ड चालविणाऱ्याने ‘व्ही’ या व्हेरिएबलला दिलेल्या मूल्यानुसार तो उपसर्ग लागतो किंवा गळतो. शून्य दिल्यास आखूड ओळ, एक दिल्यास पूर्ण आज्ञा, आणि दोन दिल्यास ती फाइल पुन्हा का तयार करावी लागली याचे कारण दिसते. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मालिकेत आखूड ओळ ही मूळ रीत ठरली.

या व्यवस्थेचा कमी चर्चिला गेलेला भाग अधिक महत्त्वाचा आहे. केबिल्ड प्रत्येक तयार फायलीशेजारी, नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे सहसा न दिसणारी, एक ‘सीएमडी’ फाइल ठेवते आणि तीत ती फाइल ज्या आज्ञेने बनली ती आज्ञा पूर्णपणे लिहिते. पुढील वेळी पर्याय बदलले असतील तर याच नोंदीशी ताडून पाहून फाइल पुन्हा तयार करायची की नाही हे ठरते. म्हणजे पडद्यावर कितीही आखूड ओळ दिसली तरी पूर्ण नोंद डिस्कवर राहतेच. यवतमाळच्या प्रेसमध्ये गाठीवरचा अनुक्रमांक आणि कचेरीतील रजिस्टर यांचे जे नाते होते, तेच नाते येथे पडद्यावरची ओळ आणि ही लपलेली फाइल यांच्यात आहे. फरक इतकाच की प्रेसचे रजिस्टर कायद्याच्या धाकाने ठेवले जाई आणि हे रजिस्टर बिल्ड व्यवस्थेला स्वतःच्याच कामासाठी लागते, त्यामुळे ते भरायचे राहून जात नाही.

ऑटोमेक १.११ आणि लेबल बदलण्याचा अधिकार

केर्नेल हा एकच प्रकल्प होता आणि तो केवळ जीएनयू मेकवर, म्हणजे मेकच्या अनेक आवृत्त्यांपैकी एकीवर, अवलंबून राहू शकत होता. ऑटोमेक वापरणारे प्रकल्प मात्र असंख्य होते आणि कोणत्याही मेकवर चालणारी मेकफाइल तयार करणे ही ऑटोमेकची प्रतिज्ञा होती. एका व्हेरिएबलच्या नावात दुसऱ्या व्हेरिएबलचे मूल्य घालून तिसरे नाव बनविण्याची जी युक्ती आखूड ओळींसाठी लागते, ती युनिक्ससदृश प्रणालींच्या तेव्हाच्या पॉझिक्स या मानकात अनिवार्य नव्हती, जरी बहुतेक मेकना ती येत होती. या अडचणीमुळे सर्वसाधारण प्रकल्पांना ही सोय मिळण्यास विलंब लागला. अखेर मे २००९ मध्ये आलेल्या ऑटोमेक १.११ मध्ये राल्फ विल्डेनहुएस यांच्या देखभालीच्या काळात ‘सायलेंट रूल्स’ हे वैशिष्ट्य समाविष्ट झाले, आणि १.१३ पासून त्याची यंत्रणा प्रत्येक मेकफाइलमध्ये असू लागली, जरी मूळ रीत सविस्तरच राहिली.

या वैशिष्ट्यात निर्णय तीन स्तरांवर वाटले गेले. प्रकल्पाचा लेखक मूळ रीत आखूड असावी की सविस्तर हे ठरवितो. बिल्डची पूर्वतयारी करणारा ‘कॉन्फिगर’ या टप्प्यावर ती उलटवू शकतो. आणि प्रत्यक्ष मेक चालविणारा ‘व्ही’ला शून्य किंवा एक देऊन त्या एका वेळेपुरती ती पुन्हा बदलू शकतो. कंपायलर, जोडणी, निर्मिती यांसारख्या नेहमीच्या पायऱ्यांची लेबले ऑटोमेक स्वतःच पुरविते, परंतु लेखकाची स्वतःची पायरी, उदाहरणार्थ देवनागरी टंकाची फाइल घडविणारी आज्ञा, त्या यादीत नसते. तिच्यासाठी ऑटोमेकच्या पुस्तिकेने तीन ओळींचा साचा सांगितला आहे: पहिली ओळ ‘व्ही’च्या मूल्यानुसार नाव निवडते, दुसरी मूल्य दिले नसल्यास मूळ रीत लागू करते, आणि तिसरी शून्य असताना उमटवायचा मजकूर सांगते. हे व्हेरिएबल आज्ञेच्या आरंभी ठेवले की त्या पायरीला लेखकाच्या पसंतीची ओळ मिळते.

लेबलाचा मजकूर लेखकाच्या हाती असल्यामुळे तो देवनागरीत लिहिण्यासही तत्त्वतः आडकाठी नाही. व्यवहारात अडचण येते ती मांडणीची: लेबलाला ठरावीक रुंदी दिलेली असते, जेणेकरून सर्व फायलींची नावे एकाच रकान्यात सुरू व्हावीत, आणि बाइट किंवा संकेतचिन्हे मोजून रुंदी काढणाऱ्या साधनांना काना-मात्रांचा हिशेब जमत नाही, त्यामुळे रकाना मोडतो. म्हणून मोकळी जागा हाताने भरावी लागते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लेबल केवळ आज्ञेचा उच्चार झाकते. त्या आज्ञेने चालविलेले साधन स्वतः जे बोलते ते तसेच उमटते. ते शांत करण्यासाठी त्या साधनाचा स्वतःचा पर्याय वापरणे हा योग्य मार्ग, तर त्याचे सगळे आउटपुट, चुका कळविणाऱ्या ‘स्टँडर्ड एरर’ या वेगळ्या प्रवाहासह, टाकून देणे हा धोक्याचा मार्ग, कारण त्यात वर्दीबरोबर पुरावाही नष्ट होतो.

वर्दीची वेळ

आखूड ओळींच्या प्रसारानंतर एक जुना दोष ठळक झाला. प्रेसमध्ये गाठ बांधून झाल्यावर खूण उमटते, तर मेक आज्ञा चालविण्यापूर्वीच ओळ उमटविते. तेव्हा ती ओळ म्हणजे काम सुरू झाल्याची वर्दी असते, पूर्ण झाल्याची नव्हे. एका वेळी एकच आज्ञा चालत असताना हा भेद जाणवत नव्हता. अनेक गाभ्यांचे (कोअर) प्रोसेसर आल्यावर मेक एकाच वेळी आठ-दहा आज्ञा चालवू लागले, त्यांच्या ओळी व चुकांचे संदेश एकमेकांत मिसळू लागले, आणि चूक कळविणाऱ्या संदेशाच्या लगेच वर दिसणारी ओळ दोषी फायलीचीच असेल याची खात्री उरली नाही. जीएनयू मेकने ऑक्टोबर २०१३ मधील ४.० आवृत्तीत प्रत्येक लक्ष्याचे आउटपुट एकत्र ठेवून सलग छापण्याचा पर्याय देऊन यावर उपाय केला.

इव्हान मार्टिन यांनी गुगलच्या क्रोम ब्राउझरच्या बिल्डसाठी लिहिलेले ‘निंजा’ हे साधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात या सर्व अनुभवांचे सार एकत्र आले. निंजामध्ये प्रत्येक नियमाला ‘डिस्क्रिप्शन’, म्हणजे वर्णनाची ओळ, जोडता येते. टर्मिनलवर ती एकाच ओळीच्या जागी पुनःपुन्हा बदलत राहते आणि तिच्या आरंभी किती कामे झाली व एकूण किती आहेत हे दिसते, ज्याचा साचाही वापरणाऱ्याला बदलता येतो. साधनांचे आउटपुट ते काम संपेपर्यंत राखून ठेवले जाते, आणि आज्ञा अयशस्वी झाली तर आखूड वर्णनावर न थांबता पूर्ण आज्ञा छापली जाते. अमेरिकेतील किटवेअर कंपनीने २००० च्या सुमारास सुरू केलेल्या ‘सीमेक’ या साधनातही लेखकाच्या खास आज्ञेला ‘कॉमेंट’ म्हणून वर्दीचा मजकूर देण्याची सोय आहे, आणि पूर्ण आज्ञा पाहण्याचा पर्याय स्वतंत्र आहे.

तपासनिसाची मागणी

वर्दी किती आखूड असावी हे लेखक आणि वापरणारा यांनी आपसांत ठरविले तरी तिसरा पक्ष उरतोच. डेबियन ही लिनक्सची वितरण-संस्था हजारो प्रकल्प स्वतःच्या यंत्रांवर बिल्ड करते आणि प्रत्येक बिल्डची नोंद जपून ठेवते. सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेले कंपायलरचे पर्याय प्रत्येक फायलीला खरोखर लागले की नाही, हे तपासण्यासाठी त्या नोंदी वाचणारे ‘बीएलएचसी’ हे साधन वापरले जाते. नोंदीत पूर्ण आज्ञांऐवजी केवळ ‘सीसी’ आणि फायलीचे नाव असेल, तर या साधनाला तपासण्यासारखे काही मिळतच नाही. डेबियनच्या बिल्ड-साहाय्यक प्रोग्रामांनी त्यामुळे ऑटोमेकचे सायलेंट रूल्स बंद करण्याचा पर्याय आपणहून देण्यास सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये डेबियनच्या धोरणपत्रिकेतच असा नियम आला की, ‘टर्स’, म्हणजे संक्षिप्त, अशी स्पष्ट मागणी नसेल तर बिल्ड शक्य तितके सविस्तर असावे.

हा नियम १९२५ च्या कायद्याच्या जातीचा आहे. कापसाच्या व्यापारात प्रेसमालक, खरेदीदार आणि सरकारी निरीक्षक असे तीन पक्ष होते, आणि त्यांच्या गरजा भिन्न असल्यामुळे एकाच लांबीची वर्दी तिघांनाही पुरली नसती; खरेदीदाराला खूण पुरे होती, निरीक्षकाला रजिस्टर लागे. सॉफ्टवेअरमध्येही प्रकल्पाचा लेखक, त्याचा प्रोग्राम बिल्ड करणारा आणि तो इतरांपर्यंत पोहोचविणारी वितरण-संस्था असे तीन पक्ष आहेत, आणि अर्ध्या शतकाच्या अनुभवातून त्यांच्या अधिकारांची वाटणी बऱ्याच अंशी निश्चित झाली आहे: लेबलाचे शब्द लेखकाने निवडावेत, आखूड ओळ पाहायची की पूर्ण आज्ञा हे बिल्ड करणाऱ्याने ठरवावे, आणि ज्या नोंदीवर इतरांची सुरक्षितता अवलंबून आहे ती पूर्ण स्वरूपात मागण्याचा हक्क तपासणाऱ्याकडे राहावा. या वाटणीत लेखकाला शब्दांचे स्वातंत्र्य मिळते, पण नोंद पुसण्याचे नाही. टर्बो सीच्या चौकटीपासून सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रकल्पासाठी संक्षिप्त संदेश रचताना हीच मर्यादा पाळावी लागते, आणि जी पायरी सविस्तर स्वरूपात पुन्हा दाखविता येत नाही तिच्यावर आखूड लेबल लावू नये, हा या इतिहासातून निघणारा व्यवहाराचा नियम ठरतो.